औंध : दोन जिल्ह्यांत विखुरलेले राज्य

१९३५ नंतरच्या मंदीत अमेरिकेच्या सरकारने बेकार लेखकांना एक काम लावून दिले. प्रत्येक राज्यावर एक जाडजूड पुस्तक लिहायचे. त्यात तिथली जमीन, नद्या, कारभार, इतिहास, लोकांच्या चालीरीती असे सगळे यायचे. राज्य लहान असो की मोठे, पुस्तक मिळायचेच. साताऱ्याच्या मुलुखात त्याच सुमारास एक संस्थान स्वतःची राज्यघटना लिहायला बसले होते. त्याच्यावर मात्र असे पुस्तक निघाले नाही. आपल्याकडे संस्थानांवर लिहिणे झाले ते दोन तऱ्हांनी. एक म्हणजे गादीवरच्या घराण्याची बखर, त्यात प्रजा फक्त दसऱ्याच्या मिरवणुकीपुरती. दुसरे म्हणजे साहेबाने १८८५ साली छापलेले साताऱ्याचे गॅझेटियर, त्यात पिके, पाऊस आणि वसूल. औंधच्या नशिबी तिसरी एक तऱ्हा आली, गांधीवादी कौतुकाची. तीत औंध म्हणजे रामराज्य, आणि पुढे वाचायचे कारणच उरत नाही.

या पुस्तकात औंधकडे एक राज्य म्हणून पाहिले आहे. त्याला जमीन होती, हद्दी होत्या, कायदे होते, तुरुंग होता, शाळा होत्या, कारखाना होता, भांडणे होती. सातारा आणि सांगली या आजच्या दोन जिल्ह्यांचा एरवी न उलगडणारा बराच भाग या एका छोट्या राज्याच्या हाताने उलगडतो.

आधी नकाशा, कारण औंधची निम्मी गोष्ट तिथेच आहे. सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलुख आणि बहात्तर गावे. अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य ऱ्होड आयलंड, त्याच्याही निम्म्याहून हे कमी. लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीत अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास. एवढेसे राज्य, पण तेही सलग नाही. राजधानी औंध आजच्या खटाव तालुक्यात, मूळ घराचे किन्हई कोरेगावात. आटपाडी दूर पूर्वेला माणदेशात. कुंडल दक्षिणेला, कृष्णाकाठच्या काळ्या रानात. आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे, कानडी मुलुखात. मध्ये सगळीकडे इंग्रजी हद्द. औंधचा कारकून आटपाडीला निघाला की वडूज ओलांडायचा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातून जायचा, आणि पुन्हा आपल्या राज्यात शिरायचा. राज्याच्या राजधानीला रेल्वे नव्हती. रहिमतपूरला उतरायचे आणि पुढे गाडी नाही तर घोडे.

ही विखुरलेली मांडणी कशी झाली हे कळायला इतिहासात शिरावे लागते. मी तो लवकर आटोपणार आहे, पुढची दोन प्रकरणे त्यावरच आहेत. घराणे किन्हईच्या कुलकर्ण्यांचे. परशुराम त्रिंबक हा त्यातला कर्तबगार पुरुष राजाराम महाराजांच्या पडत्या काळात वर आला आणि छत्रपतींचा प्रतिनिधी झाला. पुढे त्याने ताराबाईंची बाजू धरली. १७०८ मध्ये शाहू महाराज साताऱ्यावर आले तेव्हा किल्ल्यात तोच होता. किल्ल्यावरच्या शेख मिऱ्याने त्याला कैद करून दरवाजे उघडले, आणि वाईच्या शेख घराण्याचे भाग्य त्या दिवशी फळले. शाहूंनी नंतर परशुरामपंताला सोडून प्रतिनिधिपद परत दिले. त्याचा मुलगा श्रीपतराव साताऱ्याच्या दरबारात पहिल्या बाजीरावाच्या उत्तरेकडच्या मोहिमांना विरोध करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पेशव्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी त्याला भित्रा ठरवून टाकले. घर सावरल्याशिवाय दूर जाऊ नये, हे म्हणणे इतके हास्यास्पद होते का, हा प्रश्न मला तरी सुटलेला वाटत नाही.

शतकभराने याच घराण्यात परशुराम श्रीनिवास झाला, थोटे पंत म्हणून ओळखला जाणारा. दुसऱ्या बाजीरावाशी त्याने वैर घेतले, १८०६ च्या सुमारास वसंतगडाजवळ बापू गोखल्याशी झालेल्या लढाईत हात गमावला, आणि त्याच्या बाजूने ताई तेलीण वासोट्यावर महिनोन्‌महिने झुंजत राहिली. सातारा जिल्ह्यात पंतांपेक्षा ताईचेच नाव जास्त जणांना माहीत आहे, ते योग्यच झाले. १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी साताऱ्याला प्रतापसिंहांचे राज्य उभे केले आणि फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, भोरचे सचिव, औंधचे प्रतिनिधी अशा सरदारांशी १८२० मध्ये करार केले. कोणाची जुनी इनामे कुठे होती त्याप्रमाणे मुलुख वाटला गेला. विखुरलेल्या नकाशाचे कारण हे. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य वारस नाही म्हणून खालसा झाले, जहागीरदार मात्र राहिले. मालक गेला, भाडेकरू टिकले, असा हा प्रकार.

शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी पटवर्धनांची संस्थाने. त्यांच्याबद्दल इथे दोनच वाक्ये. सांगलीच्या चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणले, आणि मराठी नाटकाचा जन्मदाखला सांगलीच्या नावावर चढला. पैसा, शेती, रेल्वे, शहर, या कोणत्याही मापाने सांगली औंधपेक्षा मोठे संस्थान होते, आणि कदाचित म्हणूनच तिथल्या राजाला आपले राज्य लोकांच्या हाती देऊन पाहण्याची गरज पडली नाही.

ते करून पाहणारा राजा औंधचा. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, डेक्कन कॉलेजचे बी. ए., १९०९ मध्ये गादीवर. या माणसाला एका वाक्यात बसवायचा प्रयत्न करू नये. ते चित्रे काढत, कीर्तन करत, अजिंठा-वेरूळवर पुस्तके लिहीत, १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि या सगळ्याहून जास्त उत्साहाने सूर्यनमस्कारांचा प्रचार करत. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. विलायतेला गेले तरी तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांना त्यांनी नमस्कार घालून दाखवले, आणि त्यावर इंग्रजीत पुस्तकही निघाले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी लाख रुपयांचे वचन दिले. चित्रे आपण काढू, अशीही इच्छा होती. खरे सांगायचे तर राजेसाहेबांची स्वतःची चित्रे मला मध्यम वाटतात. पौराणिक प्रसंग, नीटस रेघ, गोड चेहरे. पण चांगले चित्र कोणते हे त्यांना कळत होते, आणि ते विकत घ्यायची हिंमत होती. औंधच्या डोंगरावर यमाई देवीच्या वाटेवर १९३८ मध्ये उभे राहिलेले भवानी संग्रहालय पाहिले की हे पटते. रविवर्म्याची मूळ चित्रे, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या हाताने काढवून घेतलेल्या नकला, बंगालच्या चित्रकारांची नाजूक कामे, हस्तिदंताच्या वस्तू. आणि या सगळ्यांत हेन्री मूरचे दगडातले आई-मूल, ज्याच्यासमोर यमाईच्या दर्शनाहून परतणारी माणसे क्षणभर थबकतात आणि हे नेमके काय आहे असे एकमेकांना विचारून पुढे सरकतात. जगातली मोठमोठी संग्रहालये ज्याच्यासाठी भांडतील ती वस्तू खटाव तालुक्यात आहे. तालुक्यात अजूनही तिची फारशी चर्चा नाही.

कुंडलच्या माळाची गोष्ट वेगळ्या धातूची आहे. बेळगावात सायकलींपासून सुरुवात करून लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथल्या जागेतून उठावे लागले. तेव्हा ते औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम पाहत होते. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची पडीक जमीन दिली. निवडुंग आणि नाग याखेरीज तिथे काही नव्हते. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी सुरुवातीला लोखंडी नांगराला हात लावत नव्हते, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. कारखान्याच्या आवारात तयार फाळ पडून असायचे. नंतर तेच नांगर महाराष्ट्रभर गेले, स्टेशनाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. याच गावातून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाला विज्ञान, विवाह, देव आणि धंदा यांवर नव्याने विचार करायला लावणारी ही मासिके पुण्या-मुंबईतून न निघता एका संस्थानी माळावरून निघाली. राजेसाहेब जुन्या वळणाचे कीर्तनकार, मासिके देवाधर्मावर कोरडे ओढणारी, आणि दोन्ही एकाच राज्यात सुखाने नांदली. औंधच्या संस्कृतीचे मर्म मला यात दिसते.

औंध गावात त्याच काळात पंडित सातवळेकर वेदांच्या संहिता छापत होते. १९१८ च्या सुमारास ते इथे आले आणि स्वाध्याय मंडळ थाटले. गरीब मुलांना इथे कमी खर्चात शिकता येई, म्हणून कोकणातून आलेले साने गुरुजीही काही काळ औंधच्या शाळेत होते. संस्थानात दरबारी गवई अंतूबुवा जोशी होते. १९४० पासून त्यांनी आपल्या गुरूच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ गाण्याचा उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो पुढे नेला आणि आजही औंधला तो भरतो. तंबोरे जुळवणाऱ्या मोठ्या गवयांच्या पुढ्यात गावातली मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसलेली, अशी ही मैफल पुण्याच्या सभागृहांतून मिळत नाही.

आता कारभार, ज्यासाठी हे पुस्तक मुळात घ्यावे. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत १९३७ मध्ये ऑक्सफर्डहून बॅरिस्टर होऊन परतले. बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करणारा मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश ज्यू इंजिनियर त्यांना भेटला. हिंदुस्थानच्या खेड्यांच्या प्रेमात पडलेला, गांधींच्या आश्रमात भारतानंद म्हणून ओळखला जाणारा हा माणूस औंधला आला आणि राजालाच म्हणाला, राज्य लोकांना देऊन टाका. १९३८ च्या अखेरीस, सत्तरीच्या वाढदिवसाला, राजेसाहेबांनी तशी घोषणा केली. मसुदा घेऊन अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले. गांधींनी तो बारकाईने पाहिला. राजाने साधेपणाने राहावे, आपला खर्च बांधून घ्यावा, असा आग्रह धरला, आणि अप्पासाहेबांकडून खेड्यात राहून काम करण्याचे वचन घेतले. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली.

तिची रचना आज वाचताना जवळची वाटते. प्रत्येक गावात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी निवडलेली पाच जणांची पंचायत. गावच्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची सभा, औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा चार तालुक्यांत. तिथून निवडलेले प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात. शाळा, रस्ते, पाणी यांचा खर्च गावानेच ठरवायचा आणि त्यासाठी वसुलातला वाटा गावाकडेच राहायचा. न्यायाचे काम तर अगदी उलटे केले. गावकऱ्याने तालुक्याच्या कोर्टात खेटे घालण्याऐवजी न्यायाधीशाने गावात यायचे, चावडीवर किंवा पिंपळाखाली पंचांसोबत बसायचे. वादी-प्रतिवादी, साक्षीदार आणि भावकी सगळी तिथेच हजर, बांध कुठे होता हे ठाऊक असलेला म्हाताराही तिथेच. वकिलाची फी नाही, तारखा नाहीत. बांधाचे भांडण असेल तर उठून बांधावर जाऊन पाहता येते. न्यायदानातला हा बदल मला घटनेतल्या सगळ्या कलमांहून मोठा वाटतो, कारण गरीब माणसाला राज्याचा चेहरा सगळ्यांत जास्त कोर्टातच दिसतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९३२ च्या एका खटल्यात म्हटले होते की धाडसी छोटे राज्य प्रयोगशाळेसारखे काम करू शकते, देशाला धक्का न लावता नवे करून पाहू शकते. औंधला नेमके हेच जमले. गमावण्यासारखे फार नव्हते, मुलुख कोरडा, तिजोरी बेताची, आणि राजा व प्रजा यांच्यात अंतर इतके कमी की कोण कुठल्या गावचा हे राजाला माहीत. तरी एक गोष्ट कौतुक करणारे झाकून टाकतात. ही लोकशाही राजाने दिलेली होती. लोकांनी ती मागितली नव्हती, भांडून घेतली नव्हती. पंचायतीत मतभेद झाला की लोक राजेसाहेबांच्या शब्दाची वाट बघत. घटनेने सत्ता खाली दिली, पण दरारा वाड्यातच राहिला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त औंध संस्थानचा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवतो, तालीम बांधतो, आणि ती उघडायला खुद्द राजा येतो. ते प्रकरण पुन्हा वाचा. वाडीच्या डोळ्यांत राजा कसा होता ते कोणत्याही घटनेच्या कलमापेक्षा तिथे स्पष्ट दिसते.

त्याहून कडू बाजू शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये आहे. खरात आटपाडीचे, वडील गावचे तराळ. सर्व प्रौढांना मत देणारी घटना आणि महारवाड्यातली तराळकी, दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच काळात. गावच्या पंचायतीला जास्त अधिकार मिळाले म्हणजे गावातल्या जुन्या धन्यांनाही जास्त अधिकार मिळाले, ही शंका आंबेडकरांनी खेड्यांबद्दल पुढे घटना समितीत मांडली. औंधच्या अभ्यासात ती बाजूला ठेवून चालणार नाही. या पुस्तकातले आटपाडीचे प्रकरण त्यामुळे सर्वांत लांब झाले आहे.

आटपाडीच्याच हद्दीत स्वतंत्रपूर आहे. फ्रीडमनच्या कल्पनेतून १९३९ मध्ये तिथे भिंतींवाचून तुरुंग सुरू झाला. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी बेड्यांवाचून, बायकामुलांसह, शेती करत राहू लागले. मोकळा माळ, विहीर, मोट आणि पिकाची राखण. ग. दि. माडगूळकर याच मुलुखातले, शेटफळ्यात जन्मलेले, वडील संस्थानचे नोकर. त्यांनी ही गोष्ट व्ही. शांताराम यांना दिली आणि १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' झाला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. स्वतंत्रपूर अजून आहे, सरकारी खुली वसाहत म्हणून.

१९४२ च्या 'चले जाव' चळवळीत राज्याच्या विखुरलेल्या नकाशाला अचानक किंमत आली. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसे गेली. भूमिगत कार्यकर्त्यांना आसऱ्याला जागा हवी होती. इंग्रजी हद्दीतून कुंडलसारख्या संस्थानी गावात शिरले की ब्रिटिश पोलिसांना पुढे जाणे तितके सोपे नसे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचे कुंडल हे केंद्र झाले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटणाऱ्यांत इथली माणसे होती. प्रतिसरकारच्या लोकन्यायालयांत गावाने गावाचा निवाडा करण्याची जी रीत दिसते, ती शेजारच्या औंधमध्ये चार वर्षे आधीपासून कायद्याने चालू होती. एकाने दुसऱ्याकडून घेतली असे सरळ म्हणता येत नाही, पण माणसे तीच होती, चावड्या त्याच होत्या.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा भागात ब्राह्मणांची घरे जळाली होती. सातवळेकर त्याच वर्षी गुजरातेत पारडीला गेले आणि स्वाध्याय मंडळही गेले. अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत शिरले, केनिया, सिक्कीम, इंडोनेशिया, लंडन असे फिरत राहिले. फ्रीडमनने आयुष्याच्या अखेरीस मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक केले. राजेसाहेब १९५१ मध्ये गेले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी आणि कुंडल सांगलीत गेले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, मुख्यमंत्री कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण असताना. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी पायरी चढणाऱ्या आजच्या माणदेशी कार्यकर्त्याला विचारले, तर औंधच्या घटनेचे नाव क्वचित कोणी घेईल. आटपाडीत चर्चा टेंभू योजनेच्या पाण्याची, डाळिंबाच्या भावाची आणि देशभर सोन्याचांदीच्या पेढ्यांतून गलाईचा धंदा करणाऱ्या पोरांची असते. त्यात गैर काही नाही.

वाचकांनी प्रकरणे क्रमाने वाचावीत असा आग्रह नाही. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी थेट कुंडलला उतरावे, चित्रांची आवड आहे त्यांनी डोंगरावर जावे. शेवटचे प्रकरण गुणदाळवर आहे. ते कानडी मुलुखातले, आता कर्नाटकात असलेले. औंधच्या मराठी लेखनात ते बहुधा एका ओळीत उरकले जाते. पण १९३९ च्या घटनेत गुणदाळ हा चौथा तालुका होता, तिथल्या कानडी पंचांनाही आटपाडीच्या पंचांइतकेच अधिकार होते, आणि म्हणून तिथली गावे नकाशावर बाकीच्या गावांसारख्याच ठळक अक्षरांत छापली आहेत.